तेच पाणी

दिवाळीला चार दिवस राहिले होते. सिल्वासाच्या बाजारात, किलवणी नाक्याच्या अलीकडच्या एका चपलांच्या दुकानात वाल्मिक, त्याची बायको उषा आणि सहा वर्षांची गुड्डी बाकड्यावर बसली होती. दुकानदार गुड्डीच्या पायात लाल पट्ट्यांचे सँडल चढवत होता, "बेटा, पग सीधो राख" म्हणत होता. रिकामा खोका त्याने सहज वाल्मिकच्या मांडीवर ठेवला. वाल्मिकने सवयीने पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. कागद आपल्या मिलचा हे अंगठ्याला आधी कळलं, मग डोळ्यांना. तोच मातकट रंग, त्यात रद्दीतल्या शाईचे निळसर ठिपके. त्याला जरा बरं वाटलं. मसाटच्या आपल्या शेडमधून निघालेला कागद कुठे कुठे जाऊन खोका होऊन आपल्याच मांडीवर येतो, हे गुड्डीला सांगावं म्हणून त्याने झाकण उघडलं आणि आतून वास आला. सडक्या अंड्यांचा. पण नुसता तो नाही. त्या वासाच्या खाली दुसरा, कोमट, गोडूस. हा वास जगात एकाच जागी येतो अशी वाल्मिकची समजूत होती. मिलमधल्या पाण्याच्या खोल पिटच्या तोंडाशी, सोळा ऑगस्टला सकाळी नऊ वाजता. त्याने खोका नाकाशी धरला. "काय हुंगू राहिले?" उषा म्हणाली. "वास येतोय." उषाने खोका घेतला, हुंगला, परत दिला. "पुठ्ठ्याचा वास आहे, दुसरा कशाचा येईल?" दुकानदार हसला. वाल्मिकने पुन्हा नाक लावलं आणि या वेळी काहीच आलं नाही. पुठ्ठ्याचाही वास नाही, चामड्याचा नाही, शेजारच्या दुकानात तळल्या जाणाऱ्या भज्यांचा नाही. तेव्हा तो घाबरला. तो उठून उभा राहिला, गुड्डीला एका पायात सँडल असताना उचललं आणि दुकानाबाहेर रस्त्यावर आला. उषा मागून ओरडत होती. रस्त्यावर उन्हात उभं राहून तो तोंडाने मोठमोठे श्वास घेत होता आणि मुलीला सांगत होता, "श्वास घे, घे श्वास." गुड्डी त्याच्याकडे बघून रडायला लागली.

त्या दिवशी उषा त्याच्याशी फारशी बोलली नाही. नरोलीच्या खोलीवर आल्यावर तो दाराशी बसून राहिला आणि दिवस मोजू लागला. मोजायचे नव्हतेच, ते आपोआप मोजले जायचे. सोळा ऑगस्टपासून आज पंचाहत्तर. तेरा-चौदा दिवसांनी निम्मं, आणखी तेरा-चौदा दिवसांनी निम्म्याचं निम्मं. पाच वेळा निम्मं होऊन गेलं होतं, सहाव्यांदा होत होतं. मिलमध्ये सगळं मिळून सहा लाख लिटर पाणी फिरतं. त्यातलं तीस हजार लिटर दिवसाला वाफ होऊन जातं आणि तेवढंच ताजं आत येतं. म्हणजे त्या सकाळी आत जे पाणी होतं त्यातलं काही ना काही अजून आहेच. अजून किती दिवस असेल? हा हिशोब त्याने शंभरदा करून पाहिला होता. निम्मं करत जा, निम्मं करत जा, शून्य येत नाही. कधीच येत नाही. आणि मिलच्या गेटावर पांढऱ्या रंगात बोर्ड होता, 'आज नाल्यात सोडलेले पाणी : ० लिटर.' तो बोर्ड वाल्मिकचाच होता. गेली दीड वर्षं रोज सकाळी तो त्या शून्यावर ओला फडका फिरवत आला होता.

वाल्मिक साक्रीकडचा. पांझरेच्या काठचं गाव, पण नदी नावाला. उन्हाळ्यात त्याची आई पुतळाबाई वाळूत कोपरभर खड्डा करायची आणि झऱ्याला पाणी येण्याची वाट बघत बसायची. वाटीभर साठलं की घागरीत, पुन्हा वाट. हंडा भरायला दीड तास. त्या दीड तासात ती बोलायची नाही, पाण्याकडे बघत राहायची, जणू नजर हलली तर ते परत वाळूत जाईल. घरी आल्यावर तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं शेळीला, आंघोळीचं ओटा सारवायला. लहानपणी वाल्मिकने कधी तांब्या उलटा केला तर ती मारायची नाही, नुसती ओलसर जमिनीवर तळवा ठेवून बसायची. ते मारण्यापेक्षा वाईट होतं. म्हणून पंच्याऐंशी साली तो नरोलीला आला, मसाटच्या कागदाच्या मिलमध्ये हेल्पर म्हणून लागला, आणि पहिल्याच दिवशी त्याने मिलच्या मागच्या बाजूला मांडीएवढ्या जाड पायपातून धो धो नाल्यात जाणारं पाणी पाहिलं, तेव्हा त्याने नकळत दोन्ही तळवे त्या धारेखाली धरले. कागद करणं म्हणजे तसं पाण्याचंच काम. रद्दी पाण्यात घोळायची, लगदा करायचा, तो चालत्या जाळीवर पातळ पसरायचा, पाणी गाळून द्यायचं आणि उरलेला ओला पापुद्रा वाफेने तापलेल्या ड्रमांवरून फिरवून वाळवायचा. गाळलेलं पाणी सगळं नाल्यात. सात वर्षं त्याने ते बघितलं. हेल्परचा ऑपरेटर झाला, ऑपरेटरचा सुपरवायझर झाला, तरी मागच्या बाजूला जायचं तो टाळत असे.

मग मुंबईहून कर्णिकसाहेब आले. अरविंद कर्णिक, टेक्निकल मॅनेजर, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्या उन्हाळ्यात मिलच्या दोन बोअर आटल्या होत्या आणि नाल्याखालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी चालू होत्या. साहेबांनी सगळ्या सुपरवायझरांना बोलावून विचारलं, "पाणी कुठे वाया जातं, सांगा." वाल्मिक म्हणाला, "साहेब, मला आठ दिवस आणि एक खडू द्या." आठ दिवस तो मिलभर गुडघ्यांवर फिरला. जिथे जिथे पाणी सांडतं तिथे खडूने खूण करत गेला, त्रेसष्ट खुणा झाल्या. जाळी धुण्याचं पाणी, पंपांच्या मानेतून ठिबकणारं, ड्रमांतून वाफेचं झालेलं पाणी, सगळं. साहेब त्याच्या मागोमाग वही घेऊन फिरले. शेडच्या कोपऱ्यात एक खोल पिट होती, सिमेंटची, दोन पुरुष खोल. सगळं पाणी वळवून त्या पिटमध्ये आणलं आणि तिथून पंपाने पुन्हा लगद्याला. नाल्याचं तोंड काँक्रीटने बुजवलं. महिन्याभरात ताजं पाणी दहातल्या एका भागावर आलं. आणि फिरून फिरून ते पाणी गरम राहू लागलं, त्यामुळे ते जाळीतून पटकन निथळे, वाफ कमी लागे, बॉयलरला कोळसा कमी. "वाल्मिक, तू हे शिकलास कुठे?" साहेबांनी विचारलं होतं. "आईकडे," तो म्हणाला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पाणी फिरत राहिलं आणि हळूहळू बदललं. त्याचा रंग चहासारखा झाला, बोटं बुडवली की बुळबुळीत लागे, पायपांच्या आत शेवाळासारखं काहीतरी धरू लागलं. साहेबांनी नियम घातला की आठवड्यातून एकदा पिट पूर्ण उपसायची, थोडं पाणी बदलायचं, साठू द्यायचं नाही. सुरुवातीला वाल्मिक ते करत असे. पण त्या दिवशी बोर्डावर शून्य लिहिता येत नसे. दोन हजार, तीन हजार असा आकडा लिहावा लागे आणि तो लिहिताना त्याचा हात जड होई. मग एक आठवडा टळला. मग दोन. साहेबांनी विचारलं तर तो म्हणे, "झालं साहेब." त्याला वाटे, पाणीच तर आहे, थोडं जुनं. त्याने जुनं पाणी प्यायलेलं होतं.

ऑगस्टात चौदाला रविवार आला आणि सोमवारी झेंडा. दोन दिवस मिल बंद होती. मंगळवारी सकाळी चालू करायला गेले तर पिटमधला पंप पाणी ओढेना, खाली त्याच्या तोंडाची जाळी तुंबली होती. ठेकेदाराच्या माणसांत झिपरू होता. नवापूरकडचा, वाल्मिकच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहायचा, हसरा माणूस. चहा बशीत ओतून फू फू करून प्यायचा आणि उषा त्याची नक्कल करायची. पिटच्या तोंडाशी उभा राहून तो म्हणाला, "भाऊ, आज लई बास मारू राहिलं." "दोन दिवस बंद होतं, मारणारच. जाळी मोकळी कर, पाच मिनिटांचं काम." झिपरूने नाकाला फडकं बांधलं, मग सोडलं. "आधी थोडं ताजं पाणी मारू का वरून? जरा ढवळून निघेल." आणि वाल्मिक म्हणाला, "ताजं नको. मीटर चढेल." हे तो म्हणाला. आवाज चढवून नाही, रागावून नाही, कुणी चहात साखर नको म्हणावं तसा. झिपरू भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरला. कमरेएवढं पाणी होतं. पाय टेकल्यावर त्याने वर पाहिलं, हसून म्हणाला, "वास गेला भाऊ आता." वाल्मिकलाही हायसं वाटलं. गेला ना, मग झालं. तो पंपाच्या बटणाकडे वळला आणि परत बघतो तर खाली फक्त पाणी होतं. त्यावर हळू हळू फिरणारा फेस.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तो कड्यांवरून दोन पायऱ्या उतरला होता, कोणीतरी त्याची कॉलर धरून मागे ओढलं. ओढणाऱ्याचं नाव बारकू, मशीनवरचा. उतरू नका, उतरू नका, असं कोणी गुजरातीत ओरडत होतं. तासाभराने गळ टाकून झिपरूला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. नंतर कर्णिकसाहेबांनी सांगितलं की कोंडलेल्या पाण्यात असा वायू होतो. थोडा असला तर वास येतो. फार झाला की आधी नाकच मरतं. वास जातो तो वायू जातो म्हणून नाही. साहेब हे सांगताना त्याच्याकडे बघत नव्हते, खिडकीतून ड्रमांवरच्या धुराड्याकडे बघत होते. मग ऑफिसात पोलिसांत द्यायचा एक कागद आला. 'मयत इसम दारूच्या नशेत, कोणालाही न सांगता पिटमध्ये उतरला.' खाली वाल्मिकच्या सहीची जागा होती. कोण म्हणालं आठवत नाही, पण कोणीतरी म्हणालं, "त्याच्या बायकोला रद्दी निवडायच्या खात्यात लावून घेऊ. तू सही केलीस तर." त्याने सही केली. संध्याकाळी सहा वाजता पंप दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला. पिट उपसली नाही. तिच्यातलं पाणी लगद्याला गेलं, लगदा जाळीवर गेला, जाळीवरून पाणी पुन्हा पिटमध्ये आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्मिकने बोर्डावरच्या शून्यावर फडका फिरवला.

झिपरूची बायको दुर्गा तेव्हापासून रद्दीच्या ढिगात बसून कागद निवडायची, प्लास्टिक वेगळं, पिना वेगळ्या. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. सकाळी गेटातून आत येताना ती रोज त्याला विचारायची, "वाल्मिकभाऊ, चहा झाला का?" आणि तो म्हणायचा, "झाला, वहिनी." तिने कधी दुसरं काही विचारलं नाही. तिला काय सांगितलं गेलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि झिपरू कधीच पीत नव्हता हेही तिलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून ती रद्दी निवडत होती. वाल्मिकला कधी कधी वाटे, तिने एकदा किंचाळावं. मग तो मशीनच्या आवाजात जाऊन उभा राही. पण तिथेही पिट होती. सप्टेंबरात बारकू त्याला म्हणाला, "सुपरवायझर, तुम्ही ऐकलं का? पिट फुंकर मारू राहिली." "पायपात हवा धरली असेल." "हवा नाही. चहावर मारतात ना, तशी." वाल्मिकने जाऊन ऐकलं. फेसाखालून बुडबुडा वर येई, फुटे, मग दुसरा, मग थोडं थांबून लांब एक. फू. फू. फूऽ. पायपात हवा धरली होती हे खरंच होतं. त्याने व्हॉल्व्ह काढून हवा सोडली, दोन दिवस आवाज बंद झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. ठेकेदाराची माणसं त्या कोपऱ्यातून जाताना पाय उचलून जाऊ लागली. दुपारच्या सुट्टीत वाल्मिक बाहेर अंगणात बसून धुराड्यातून वर जाणारी वाफ बघत बसे. रोज तीस हजार लिटर. झिपरूला इथून बाहेर पडायला तेवढीच एक वाट होती. आणि दुसरी, कागदातून. खोके होऊन तो वापीला, सुरतेला, मुंबईला जात होता, साबणाचे खोके, आंब्यांचे खोके, आणि फाटून, रद्दी होऊन, गाड्यांनी पुन्हा मसाटला येत होता. दुर्गेच्या समोरच्या ढिगात.

आणि आता चपलांचा खोका. दाराशी बसल्या बसल्या त्याला वडील गेले तो दिवस आठवला. तो दहा वर्षांचा होता, मे महिना होता, घरात दोन हंडे पाणी होतं. एका हंड्याने वडिलांना आंघोळ घातली. अंगणात दगडावर त्यांना धरून बसवलं होतं आणि पाणी अंगावरून ओघळून दगडाच्या कडेने वाहत होतं. वाल्मिकने सवयीने घमेलं आणून ओघळाखाली धरलं. शेळीला होईल, नाहीतर ओट्याला. पुतळाबाईने ते घमेलं त्याच्या हातातून काढून घेतलं. रागावली नाही. "हे जाऊ दे," म्हणाली. "हे अडवू नको. त्याची वाट आहे ती." आयुष्यात त्या एका दिवशी आईने पाणी जाऊ दिलं होतं. ओघळ कुंपणापर्यंत गेला, कुंपणाखालून रस्त्यावर गेला आणि मातीत मुरला, आणि ती तो मुरेपर्यंत उभी राहून बघत होती. हे त्याला पंचवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आत उषा गुड्डीला सँडल घालून चालायला लावत होती, फरशीवर टप टप वाजत होतं. "काय झालं तुम्हाला?" ती दारात येऊन म्हणाली. तो म्हणाला, "मी त्याला पाणी मारू दिलं नाही." "कोणाला?" त्याने दोन खोल्यांपलीकडच्या दाराकडे मान केली. उषा तिथेच खाली बसली. मग तिने विचारलं, "आणि त्या दारूच्या कागदावरची सही?" तो उंबऱ्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला. तेव्हा तिला सगळं कळलं आणि ती उठून आत गेली.

दिवाळी झाली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दिल्लीहून एक कमिटी यायची होती. पाणी आणि कोळसा सगळ्यांत जास्त वाचवणाऱ्या कारखान्याला बक्षीस होतं आणि कर्णिकसाहेबांनी वर्षभर त्याची तयारी केली होती. वाल्मिक सोमवारी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेला. साहेब आलेख काढत होते.

"साहेब, पिट उपसायची. पिट, टाक्या, पायपा, सगळं. एकदा सगळं पाणी सोडायचं."

"गुरुवारी कमिटी आहे, वाल्मिक."

"म्हणूनच आज आलो."

"सहा लाख लिटर?" साहेबांनी पेन्सिल ठेवली. "आणि बोर्डावर काय लिहायचं?"

"सहा लाख."

"तुला समजतंय का तू काय बोलतोयस? हे तूच उभं केलंस. तुझ्या खडूने."

"बंद करू नका. पाणी वाचवायलाच पाहिजे. पण नियम तुमचा होता, आठवड्याला उपसायचा. मी उपसत नव्हतो. खोटं सांगत होतो तुम्हाला. आणि झिपरूला मीच उतरवला, तो प्यालेला नव्हता. हे मी लिहून देणार आहे. पाणी सोडलं तरी देणार, नाही सोडलं तरी देणार."

कर्णिकसाहेबांनी आलेख गुंडाळून बाजूला ठेवला. वाल्मिकला वाटलं, आता गेट दाखवतील. पण त्यांनी उठून दार लोटलं आणि जवळ येऊन, ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, "तुला वास कधीपासून येतो?"

वाल्मिक दचकून म्हणाला, "तुम्हाला?"

"दसऱ्याला घरी मुंबईला गेलो होतो. शेजारी नवीन मिक्सर आला, त्याचा खोका जिन्यात ठेवला होता. मी तीन मजले धावत उतरलो. बायकोला वाटलं मला झटका आला." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी टेस्टिंगला कागद पाठवला. रिपोर्ट आला, पाणी जास्त कोंडलं की कागदात असा वास धरतो. शास्त्र आहे त्याला. मी तो रिपोर्ट रोज वाचतो." चष्मा परत लावत ते म्हणाले, "रिपोर्ट वाचूनही वास येतोच."

पाणी नाल्यात सोडायचं नाही हे दोघांनी न बोलता ठरवलं होतं. मिलच्या मागे निलगिरीची सहा एकर लावणी होती. तिथे कच्चं तळं खणलं, त्यात पाणी निवळू दिलं आणि पाटांनी थोडं थोडं झाडांना दिलं. पाच दिवस मशीन बंद होती. कमिटी आली, तिने बोर्डावरचे सहा लाख वाचले, साहेबांनी त्यांना झाडं दाखवली, ते काहीतरी टिपून निघून गेले. बक्षिसाचं नाव पुढे कोणी काढलं नाही. वाल्मिक पाटाकडेने चालत होता. चहाच्या रंगाचं पाणी पानांखालून सरकत होतं, एका जागी थबकत होतं, मग पुढे जात होतं, आणि माती ते घेत होती. तो तिथे प्रत्येक ओघळ मुरेपर्यंत उभा राही. बारकू म्हणाला, "सुपरवायझर, चला, जेवून घ्या." तो म्हणाला, "हे जाऊ दे आधी."

शेवटी पिट राहिली. तिच्या तळाशी घोट्याएवढा गाळ होता, तो पंपाने येत नव्हता. दोन दिवस पंख्याने आत हवा मारली, टोपलीत कोंबडी बसवून खाली सोडली, ती फडफडत वर आली. तरी ठेकेदाराचा एकही माणूस उतरेना. "ती फुंकर मारते," एवढंच ते म्हणत. वाल्मिक म्हणाला, "मी उतरतो." त्याने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक बारकूच्या हातात दिलं. तेवढ्यात रद्दीच्या शेडकडून दुर्गा आली. पदर खोचलेला, हाताला कागदाची धूळ. तिने बारकूच्या हातातून दोर घेतला. बारकू म्हणाला, "वहिनी, जड माणूस आहे, तुम्हाला झेपणार नाही." ती म्हणाली, "माझ्या माणसाच्या वेळेला दोर नव्हता. बघू दे मला, कसा धरतात." बारकूने तिच्याकडे पाहिलं, मग वाल्मिककडे, आणि मागे सरला.

कड्या गार होत्या आणि ओलसर. उतरताना वाल्मिकने मोजल्या, अकरा. पाय गाळात टेकले. त्याने श्वास घेतला. गाळाचा वास आला, सिमेंटचा आला, स्वतःच्या घामाचा आला. वास येत होता म्हणून त्याचे डोळे भरून आले. वर बघितलं तर चौकोनी उजेड आणि त्यात दुर्गेचं डोकं, चेहरा दिसत नव्हता. पिट अगदी शांत होती. त्याने फावडं गाळात घातलं, एक बादली भरली, वर ओढली गेली, रिकामी होऊन खाली आली. दुसरी भरली. तिसऱ्या बादलीला वरून आवाज आला. त्या खोल जागेत तो सगळीकडून आल्यासारखा आला.

"वाल्मिकभाऊ, आता किती पाणी आहे तिथे?"

"घोट्याएवढं."

"त्या दिवशी किती होतं?"

"कमरेएवढं."

मग, "कमरेएवढ्या पाण्यात माणूस उभा राहतो."

"हवा नव्हती, वहिनी. विषारी वायू होता."

"तो प्यालेला होता का?"

फावडं त्याच्या हातात होतं. हो म्हणायला अजून जागा होती. वर बारकू होता, ठेकेदाराची माणसं होती, कागदावर तसंच लिहिलेलं होतं. कमरेभोवतीचा दोर किंचित ताणलेला त्याला जाणवला. ओढलेला नाही, नुसता वरच्या टोकाला हात असल्याचं कळण्याइतका.

"नाही," तो म्हणाला. "प्यालेला नव्हता. मी उतरवला त्याला. तो म्हणाला वरून ताजं पाणी मारू का, मी नको म्हणालो. मीटर चढेल म्हणालो. आणि पिट मी दोन महिने उपसली नव्हती. त्या कागदावर खोटं लिहिलंय. सही माझी आहे."

त्याचा आवाज भिंतींवर फिरून त्याच्याकडे परत आला आणि थांबला. दोर सैल झाला. एक वेढा खाली येऊन त्याच्या खांद्यावर पडला. त्याने वर पाहिलं. चौकोनात डोकं नव्हतं, नुसता पत्र्याचा उजेड होता. कड्या तिथेच होत्या, पकडून वर जाता आलं असतं. तो हलला नाही. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग वेढा खांद्यावरून हळू हळू वर सरकू लागला, दोर सरळ झाला आणि ताणला गेला.

"काम पुरं करा," दुर्गा म्हणाली. "मी धरलंय."

त्याने आणखी चाळीस बादल्या भरल्या. वर आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अंग गाळाने माखलं होतं. कर्णिकसाहेब येऊन उभे होते, माणसं गोल करून उभी होती. वाल्मिकने कमरेच्या गाठीला हात घातला. दुर्गा म्हणाली, "राहू दे ती." तिने दोराचं टोक मनगटाला एक वेढा देऊन घट्ट केलं. "चला."

"कुठे, वहिनी?"

"पोलीस ठाण्यात. खाली जे बोलला ते वर बोला."

साहेब पुढे झाले. "दुर्गाबाई, मी येतो, मिलची जीप काढतो—" तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोघं गेटातून बाहेर पडली. तो पुढे, ती चार हात मागे, मध्ये दोर. मसाटपासून सिल्वासाचं पोलीस ठाणं तासाभराच्या चालीवर होतं. रिक्षावाले थांबून बघत होते, कारखान्यांच्या गेटांवरचे रखवालदार खुर्च्यांवरून उठत होते. एका चहाच्या टपरीवर कोणी हसलं आणि लगेच गप्प झालं. अंगावरचा गाळ वाळून कागदासारखा तडकत होता. वाल्मिकला वाटलं होतं की शरमेने मान वर होणार नाही, पण तसं काही झालं नाही. त्याला फक्त मागून येणारी तिची पावलं ऐकू येत होती. तो हळू झाला की ती हळू व्हायची, आणि दोर सगळ्या रस्त्यात एकदाही ताणला नाही की जमिनीला लागला नाही.

ठाण्यात हवालदार टेबलाशी बसला होता. त्याने दोघांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"जबाब द्यायचाय," वाल्मिक म्हणाला. "आधीचा माझा खोटा होता."

हवालदाराने कोरा कागद पुढे ओढला. मग दुर्गेला म्हणाला, "बाई, त्यांना सोडा आता. पळून नाही जात ते."

दुर्गा बाकावर बसली. दोर तिच्या मनगटाला तसाच होता.

"आधी लिहा," ती म्हणाली.